जमिनीच्या पोटातला कापूर

यशोदाबाईंना शाळेत कुणी नेमलं, हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. सातिवलीत गोडाऊनं आणि लहानमोठ्या कारखान्यांच्या रांगा जिथे विरळ होतात, तिथे पत्र्याच्या दोन खोल्यांत ही मराठी शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात यशोदाबाई झाडू घेऊन हजर झाल्या. पुढे इमारत झाली, मुलं वाढली, मुख्याध्यापक आले नि गेले, पण झाडू आणि यशोदाबाई जागच्या हलल्या नाहीत. हुद्दा शिपायाचा. पण घंटा त्याच द्यायच्या, पहिलीतली गळकी नाकं त्याच पुसायच्या, आणि वर्गात कुणी रडायला लागलं की बाईंनी हाक मारायच्या आत दारात उभ्या राहायच्या. बांधा ठेंगणा, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी मैदानातून "बंड्याऽऽ" केलं की शेजारच्या कारखान्यातलेही दोनतीन बंडे वळून बघत.

त्यांचं माहेर होळी गावचं, बागायतदारांचं. वाडीत फुलं, केळी, भाजी. वडील रोज पहाटे वाडीतलं पहिलं फूल विहिरीवरच्या रहाटाला वाहायचे. रहाट गेला, इंजिन आलं, तेव्हा फूल इंजिनाला वाहायला लागले. "ज्याच्या जिवावर आपलं चाललंय, त्याला आधी हात जोडावेत," एवढाच त्यांचा धर्म. तो यशोदाबाईंनी जसाच्या तसा उचलला. लग्न होऊन त्या आचोळ्याला आल्या. तिथे तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. ना वाडी, ना विहीर. मग ती सगळी भक्ती शाळेवर आली. घंटेला हळदकुंकू, गॅसच्या सिलिंडरला हळदकुंकू, पाण्याच्या टाकीला फूल. शाळेला कॉम्प्युटर मिळाला त्या दिवशी त्यांनी त्यालाही सोडलं नाही. कुंकू बटणांच्या फटीत गेलं आणि 'क'चं बटण कायमचं रुसलं. तेव्हापासून कॉम्प्युटरची पूजा टेबलाच्या पायावर व्हायला लागली.

"यशोदे, एक दिवस तू मला पण टिळा लावशील," फ्लॉसी म्हणायची. फ्लॉसी शाळेची खिचडी शिजवायची. गळ्यात क्रूस, हातात भला मोठा डाव, आणि तोंडाला अजिबात आराम नाही.

"लावीन की. तुझ्या जिवावर तर पोरं जेवतात."

"मग लाव बाय. पण आधी कांदे चिरून दे."

असं सगळं छान चाललेलं असताना इमारतीच्या भिंतीला तडा गेला. आधी केसाएवढा होता, मग बोटाएवढा झाला. इंजिनिअर आले, त्यांनी भिंतीवर हातोडीने टकटक केलं आणि मान हलवली. जूनपासून या इमारतीत एकही मूल बसवायचं नाही, असा निकाल झाला.

पण देवाची कृपा म्हणा, शाळेला लागून एक प्लॉट मोकळा होता. तिथे पूर्वी लोखंडी सुटे भाग धुऊन चकचकीत करून देणारा एक छोटा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मालकाने जागा शाळेच्या संस्थेला द्यायची तयारी दाखवली. मे महिन्यातच पत्र्याच्या खोल्या उभ्या करायच्या आणि मागाहून पक्कं बांधकाम करायचं, असं ठरलं. संस्थेने एकच अट घातली. कारखान्यात लोखंडावरचं तेल काढायला औषधं वापरत असत. ती जमिनीत मुरली असतील तर त्यांची वाफ वर येईल आणि वर्गात बसलेल्या पोरांच्या छातीत जाईल. म्हणून आधी जमिनीतली वाफ आणि खालचं पाणी तपासून घ्यायचं. जमीन चांगली निघाली तर शाळा इथेच राहील. नाही निघाली तर पोरांचे दाखले काढायचे, त्यांना हायवेपलीकडच्या शाळांमध्ये वाटून टाकायचं आणि ही शाळा बंद करायची.

मुख्याध्यापक प्रल्हाद सरांनी हे सगळं प्रार्थनेनंतर सांगितलं. पोरांना त्यातलं 'जमीन' एवढंच कळलं. यशोदाबाईंना 'बंद' एवढं कळलं. त्या दिवशी त्यांच्याकडून मधल्या सुट्टीची घंटा द्यायची राहून गेली आणि पोरं पाऊण तास जास्त भूगोल शिकली.

तपासायला आली ती ज्ञानदा. विरारची पोरगी, तिशीच्या आतली, जीन्स, पायात जाड बूट, आणि सतत हसणारी. तिच्याबरोबर दोघं गडी आणि एक मशीन होतं. मशीनने घर्रर्र करत जमिनीत पाच बारीक भोकं पाडली. चार कारखान्याच्या जागेत आणि एक पार लांब, शाळेच्या बाजूला, जांभळाखाली. प्रत्येक भोकात एक बारीक नळी सोडली, तिच्याभोवती करड्या रंगाची चिकणमाती भिजवून लिंपली, नळीच्या तोंडाला रबरी बूच बसवलं आणि वर प्लॅस्टिकचा डबा उपडा घातला. शिवाय पाण्यासाठी एक जाड नळी खोलवर उतरवली. तिला झाकण.

यशोदाबाई पदर खोचून सगळं बघत होत्या.

"काय गं ताई, ही जांभळाखालची कशाला? तिथे कधी कारखाना नव्हता."

"म्हणूनच, मावशी. तिथे काहीच निघायला नको. बाकीच्या चार नळ्यांची तिच्याशी तुलना करायची."

"आणि या नळीतून वाफ येणार? दिसणार?"

"दिसायची नाही. जमिनीच्या पोटातली वाफ हळूहळू नळीत साठते. आज आपण जमीन ढवळली ना, म्हणून दोन दिवस तिला शांत पडू द्यायचं. मग मी येऊन ती वाफ खेचून घेणार. तोवर कुणीही हात लावायचा नाही हां. पोरांना सांभाळा, मावशी. तुमच्यावर सोपवून चाललेय."

जमिनीला शांत पडू द्यायचं, हे यशोदाबाईंना फारच पटलं. बाळंतिणीला ठेवतात तसंच की हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, त्या एकट्याच प्लॉटवर उभ्या होत्या आणि त्यांच्या मनाला काही केल्या चैन पडेना. बाळंतिणीला ठेवतात म्हणजे काय नुसतं टाकून देतात? धुरी देतात, शेक देतात. इथे बिचारी भूमाता. तिच्या पोटात कुणाकुणाची औषधं मुरलेली, वर पाच भोकं पाडलेली, आणि कुणी तिच्यापुढे साधी उदबत्तीसुद्धा लावलेली नाही!

तेवढ्यात कोपऱ्यातल्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं. डब्याभोवती पांढऱ्या रेघेचं छान गोल रिंगण काढलेलं होतं. यशोदाबाई बघतच राहिल्या. हे सरांचंच काम. प्रल्हाद सर म्हणजे देवळासमोरून जाताना घड्याळात बघणारा माणूस. त्यांनी रांगोळी काढली! माणूस अडचणीत आला की देव आठवतोच, असं मनाशी म्हणत त्यांनी सरांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. मुख्याध्यापकच रांगोळी काढताहेत म्हटल्यावर मग शिपायाने हात बांधून बसायचं?

त्यांनी घरून आणलेली पुडी पदराच्या गाठीतून सोडली. भीमसेनी कापूर. घरात कोंदट वास येतो, कुणाला ताप येतो, तेव्हा आपण काय करतो? कापूर ठेवतो. त्यांनी पहिला डबा उचलला, रबरी बूच अलगद काढलं, कापराची वडी बोटांनी कुस्करून चिमूटभर नळीत सोडली आणि "माये, बरी हो" म्हणत बूच परत बसवलं. दोन वड्या ओल्या मातीत दाबल्या. हळदकुंकू वाहिलं, मग कुणी बघून ओरडेल म्हणून बोटाने पुसलं, आणि डबा उपडा घालून ठेवला. पाचही नळ्यांना सारखा मान दिला. जांभळाखालचीला जरा जास्तच, ती बिचारी एकटी होती म्हणून.

मोकळ्या मनाने त्यांनी त्या दिवशी अशी घंटा बडवली की चिमण्या उडाल्या.

तपासणीच्या दिवशी ज्ञानदा आली ती शिंकतच. नाक लाल, डोळ्यांतून पाणी.

"अरे देवा, ताई! वाफारा घेतलास का?"

"वेळ नाही बिळाला, बावशी," ज्ञानदा म्हणाली. तिचं नाक एवढं बंद होतं की तिचा 'म' अधूनमधून गायब होत होता.

तिने बॅगेतून हातात मावेल असं मीटर काढलं. मोठ्या मोबाइलएवढं, पुढे चोच असलेलं. हवेत वाफ असेल तर हे आकडा दाखवतं आणि फार असेल तर ओरडतं, असं तिने सांगितलं. मग नळीतली वाफ भरून घेतलेले स्टीलचे गोल डबे प्रयोगशाळेत जायचे, पण आधी या मीटरने अंदाज घ्यायचा. प्रल्हाद सर हातांची घडी घालून लांब उभे. फ्लॉसी डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. यशोदाबाई सरांच्या मागे, ओठांत रामरक्षा.

पहिल्या नळीला मीटर लावलं. आकडा चढला, आणखी चढला, आणि मीटर टीऽऽ टीऽऽ करून असं केकाटलं की वर्गातली पोरं खिडकीशी धावली.

ज्ञानदाचं हसू गेलं. दुसरी नळी. टीऽऽ. तिसरी. टीऽऽ. चौथीला तर ज्ञानदाने मीटर नुसतं जवळ नेलं, तरी ते बोंबललं. पोरांना हा खेळ फार आवडला. खिडकीतून तीही टीऽऽ करायला लागली.

"आता जांभळाखाली," ज्ञानदा म्हणाली. "तिथे शून्याजवळ येईल. निदान तिथे तरी."

जांभळाखाली मीटर सगळ्यांत मोठ्याने ओरडलं.

सर तिथल्या दगडावर मटकन बसले. "म्हणजे शाळेची बाजूसुद्धा? इथे तर मुलं डबा खातात."

"सर, बला काहीच कळत नाही," ज्ञानदा नाक पुसत म्हणाली. "इथे यायला नको होतं. मी डबे भरून पाठवते, प्रयोगशाळा सांगेल काय आहे ते. पण हा आकडा... हा फार वाईट आहे."

सरांनी खिशातला मोबाइल काढला, हातात धरून नुसते बघत बसले, मग पुन्हा खिशात ठेवला. "अध्यक्षांना कळवावं लागेल. सकाळपासून त्यांचे दोन फोन आलेत. दाखल्यांची तयारी करायला घ्यावी लागेल, जून काही लांब नाही." आणि ते उठून ऑफिसात गेले. त्यांचे खांदे असे पडले होते की खिडकीतली पोरंही गप्प झाली.

यशोदाबाई स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो सरळ देवावर. इतका कापूर घातला! भीमसेनी घातला, साधा नाही! आणि तरी? त्यांनी कोपऱ्यातल्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बघून तोंड फिरवलं. मग लगेच वाटलं, आपण रुसलो तर तोही रुसायचा, म्हणून परत वळून बघितलं.

बाहेर ज्ञानदा पायरीवर बसून सटासट शिंकत होती. माणूस आजारी असताना यशोदाबाईंना फार वेळ रडताही येत नसे. त्यांनी आल्याचा चहा केला, फळीवरची बामाची बाटली घेतली आणि बाहेर आल्या.

"हा घे चहा. आणि नाक इकडे कर, बाम लावते."

ज्ञानदा अशी मागे सरकली की चहा सांडला. "नको नको, बावशी! बाम नको! त्याला हातसुद्धा लावायचा नाही बला. आमचा नियम आहे. या कामाला येताना बाम नाही, सेंट नाही, नेलपॉलिश नाही. काल रात्री आईने बाम चोळायला घेतला तर मी पळाले घरातून."

"का गं? बामाने काय होतं?"

"अहो, त्याचा वास हीसुद्धा वाफच ना. बामात कापूर असतो. मी कपाळाला बाम लावून आले तर मीटरला वाटायचं जमिनीतूनच वाफ आली, आणि ते ओरडायचं. मीटरला थोडंच कळतंय वाफ औषधाची की कापराची!"

यशोदाबाईंच्या हातातली बाटली जिथल्या तिथे थांबली.

"कापराला पण ओरडतं?"

"चांगलं ठणाणा करतं."

"भीमसेनी असला तरी?"

"भीमसेनीला तर—" ज्ञानदा थांबली. तिने मान वर करून यशोदाबाईंकडे बघितलं. "मावशी?" नाक बंद असूनही या वेळी 'म' स्वच्छ आला.

यशोदाबाईंनी बाटली पायरीवर ठेवली. हात लावू नका म्हणून बजावलेलं होतं. सगळं त्यांच्यावरच सोपवलेलं होतं. सरांना कळलं तर ते काय म्हणतील? इतकी वर्षं शाळेत काढली, आणि आता शाळा बुडवणारी बाई म्हणून नाव राहणार. क्षणभर वाटलं, गप्प राहावं. पण गप्प राहिलं तर शाळाच जाते. मग नाव काय चुलीत घालायचंय?

आतून सरांचा आवाज आला, "हॅलो, अध्यक्षसाहेब? प्रल्हाद बोलतोय. निकाल काही बरा नाही..."

यशोदाबाई ज्या धावल्या! वाटेतलं बाक, बादली, कुंडी, काही बघितलं नाही. धाडकन ऑफिसात शिरल्या, सरांच्या कानावरचा मोबाइल ओढला आणि त्यात ओरडल्या, "साहेब थांबा! जमीन चांगली आहे! कापूर आहे तो! मी घातलाय!" आणि फोन बंद कसा करायचा ते घाईत सुचेना, म्हणून तो पदरात गुंडाळून पोटाशी घट्ट धरला.

सर आ वासून बघत होते. पदरातून बारीक आवाज येत होता, "हॅलो? कोण? कसला कापूर? हॅलो?"

"यशोदाबाई," सर फार हळू म्हणाले, "कापूर कुठे घातलात?"

"नळ्यांमध्ये. चिमूट चिमूट. वाफ वाईट असेल तर बरी व्हावी म्हणून. सर, मला काढून टाका पाहिजे तर, पण पोरांचे दाखले काढू नका. भूमातेचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

तोवर ज्ञानदा दारात पोचली होती. तिने आधी सरांकडे बघितलं, मग यशोदाबाईंकडे, मग बडबडणाऱ्या पदराकडे. "जांभळाखाली पण?"

"तिथे जास्त घातला," यशोदाबाई पुटपुटल्या. "ती एकटी होती."

ज्ञानदाने दाराची चौकट धरली. ती हसतेय की शिंकतेय ते काही काळ कुणाला कळेना. मग कळलं की ती दोन्ही करतेय. "म्हणूनच सगळीकडे सारखं! मी इथे डोकं फोडून घ्यायच्या बेतात होते, आणि नाक तर असं की कापराचं गोडाऊन जळालं तरी मला कळायचं नाही!"

सर हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, यशोदाबाईंनी पदर सोडवून मोबाइल दिला. "साहेब, पाच मिनिटांत फोन करतो," म्हणून त्यांनी तो बंद केला. "यशोदाबाई, तुम्हाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण तुम्हीच रांगोळी काढलेली बघितली. म्हटलं सर करतात तर..."

"रांगोळी?"

"कोपऱ्यातल्या डब्याभोवती. पांढरी. गोल."

सरांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग त्यांनी उगाच चष्मा काढून पुसायला घेतला. "ती रांगोळी नव्हती. तिथे मुंग्या झाल्या होत्या. मी आपला... मुंग्यांचा खडू ओढला."

"सर!" ज्ञानदा किंचाळली. "मुंग्यांचं औषध? माझ्या नळीजवळ?"

"बाहेरून! फक्त बाहेरून!"

आता मात्र यशोदाबाईंना धीर आला. त्यांनी पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते. तेवढ्यात दारातून फ्लॉसी डोकावली. तिच्या हातातला डाव वाकडा धरलेला होता आणि त्यातून डाळ फरशीवर ठिबकत होती. नेहमी चालू असणारं तोंड बंद होतं.

"ज्ञानदा बाय," ती म्हणाली, "पाण्याच्या नळीत कोणी काही टाकला, तर तो पण कळतो का गो?"

ज्ञानदाने कपाळाला हात लावला.

"फ्लॉसी," यशोदाबाई म्हणाल्या, "तू काय केलंस?"

"काय नाय. चर्चमधून आणलेला पवित्र पानी होता. फादरनी आशीर्वाद दिलेला. लहानशी बाटली. मी म्हटला, खालचा पानी चांगला होऊ दे. तू वर बघतेस, मी खाली बघते." तिने क्रूसाला हात लावला. "थोडा मीठ असतो त्यात. चालेल ना?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. ज्ञानदा पायरीवर बसली, सर टेबलावर डोकं टेकवून हसले. त्यांना असं हसताना शाळेने कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे चौथीच्या बाई घाबरून पाणी घेऊन आल्या. यशोदाबाई आणि फ्लॉसी एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. एकीचं कुंकू दुसरीच्या कपाळाला लागलं.

"लागला की नाय टिळा!" फ्लॉसी म्हणाली आणि पुन्हा हसण्याचा लोंढा आला.

सरांनी डोळे पुसत अध्यक्षांना फोन लावला. "साहेब, जमीन अजून कळलेली नाही. माणसं तेवढी कळली. पुन्हा तपासावं लागेल."

त्याच दिवशी ज्ञानदाच्या गड्यांनी जुन्या नळ्या उपटल्या आणि जराशा बाजूला नव्या भोकांत नव्या नळ्या बसवल्या. पाण्याच्या नळीतलं पाणी भरपूर उपसून टाकलं. वाहून जाणाऱ्या त्या पाण्याकडे बघून फ्लॉसीने हळूच छातीवर क्रुसाची खूण केली. निदान गवताला तरी आशीर्वाद मिळाला, म्हणाली. खडूचं रिंगण सरांनी स्वतः बसून खरवडलं. आणि पुन्हा दोन दिवस जमिनीला शांत पडू द्यायचं ठरलं.

"राखणीला कुणाला बसवायचं?" सरांनी विचारलं.

"मावशींना," ज्ञानदा म्हणाली.

"परत?"

"आता त्यांच्याइतकी काळजी कुणी घेणार नाही."

आणि खरंच, त्या दोन दिवसांत यशोदाबाईंनी प्लॉटवर चिटपाखरू येऊ दिलं नाही. खुर्ची टाकून, काठी घेऊन बसल्या. बकरी आली, हाकलली. चेंडू आला, जप्त केला. उदबत्ती विकायला आलेल्या माणसाच्या मागे तर त्या पार नाक्यापर्यंत धावल्या. त्या बिचाऱ्याला आपण काय गुन्हा केला तेच कळेना. स्वतः घरून निघताना डोक्याला तेल नाही, केसांत फूल नाही. इतकी वर्षं रोज होत आलेली पूजा त्यांनी आपल्या हाताने थांबवली होती, आणि ते फार कठीण जात होतं. सवयीने बोटं पुडीकडे वळत, पुडीच नव्हती. शेवटी त्यांनी ज्ञानदाला फोन लावला.

"ताई, नुसता नमस्कार केला तर चालेल का?"

"चालेल, मावशी."

"मीटर ओरडायचं नाही ना?"

"नमस्काराला नाही ओरडत."

मग यशोदाबाई लांबूनच, काठी काखेत धरून, हात जोडून उभ्या राहिल्या. हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. देवापुढे असं मोकळ्या हातांनी उभं राहायची त्यांची पहिलीच वेळ. काय मागावं ते सुचेना. "तुझं जे असेल ते खरं खरं दाखव," एवढंच तोंडातून आलं. म्हणून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं. 'चांगलं दाखव' म्हणायचं होतं. पण पोरांच्या छातीचा प्रश्न होता. खोटं चांगलं काय कामाचं?

नव्या नळ्यांना मीटर लावलं तेव्हा ज्ञानदाची सर्दी गेली होती. तिने आधी प्रत्येक नळीजवळ लांब श्वास घेऊन वास घेतला आणि मगच पुढे गेली. जांभळाखाली मीटर गप्प. दुसरीकडे गप्प. तिसरीकडे, चौथीकडे गप्प. कोपऱ्यातल्या नळीला मात्र ते ओरडलं. मोठ्याने नाही, पण ओरडलं. सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "खडू नाही! शपथ!" डबे भरले, पाणी बाटल्यांत घेतलं, आणि सगळं प्रयोगशाळेत गेलं.

मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत फ्लॉसीच्या खिचडीत एकदा मीठ नव्हतं आणि एकदा दुप्पट होतं.

ज्ञानदा निकाल घेऊन आली ती शनिवारी, सकाळच्या शाळेला, प्रार्थनेच्या आधी. मैदानात पोरांच्या रांगा लागत होत्या. यशोदाबाईंनी घंटेची हातोडी हातात धरली होती, ती तशीच राहिली.

"सांगून टाक गं," त्या म्हणाल्या. "मला दम धरवत नाही."

"कोपऱ्यात जिथे लोखंड धुवायची टाकी होती, तिथे औषध मुरलंय," ज्ञानदा म्हणाली. "तिथली माती खोल खणून बाहेर न्यायची. तिथे खोली बांधायची नाही, पोरांनी खेळायचंही नाही. पावसाळ्यानंतर मी परत येऊन तपासणार."

यशोदाबाईंनी हातोडी घट्ट धरली. "आणि बाकीचं?"

"बाकीची जमीन स्वच्छ आहे. पाण्यातही त्या औषधाचं काही निघालं नाही. तरी प्यायला नळाचंच पाणी घ्या. जांभळाच्या बाजूने खोल्या बांधायला हरकत नाही, असं संस्थेलाही कळवलंय."

"म्हणजे पास?"

"एका विषयात नापास, मावशी. बाकी सगळ्यांत पास."

"एका विषयात नापास झालेल्या पोराला आपण शाळेतून काढतो होय, सर?" यशोदाबाईंनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "त्याला पुन्हा परीक्षेला बसवतो." त्यांच्या हातातल्या मोबाइलवर अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी तो कानाला लावला, दोनदा "होय साहेब" म्हणाले, आणि पोरांच्या रांगांकडे वळून, माइक नसताना, घसा फोडून ओरडले, "शाळा इथेच राहणार!"

पोरांना पूर्ण कळलं की नाही कोण जाणे, पण सर ओरडले म्हणजे ओरडायचं असतं एवढं कळलं. रांगा मोडल्या. एकच गलका झाला. यशोदाबाईंच्या हातातली हातोडी खाली पडली. त्यांनी चपला काढल्या, पदर कंबरेला खोचला आणि फ्लॉसीचे दोन्ही हात धरले.

"अगो, काय करतेस? माझा वजन बघ!"

"पाय जुळव."

"मला नाय येत!"

"कुणाला येत नाही? फिर!"

आणि जांभळाच्या बाजूच्या त्या स्वच्छ जमिनीवर दोघींची फुगडी सुरू झाली. आधी हळू, मग जोरात, मग अशी की साड्या कुठल्या कुणाच्या ते कळेना. ज्ञानदाने बॅग खाली टाकली आणि पाचवीतली एक पोरगी पकडून तीही गरगरायला लागली. बघता बघता मैदानभर जोड्या फिरत होत्या. धूळ उडाली. फ्लॉसी "येशू, मारिया" करत होती, यशोदाबाई "फू बाई फू" करत होत्या, आणि डोक्यावरून आभाळ गोल गोल चाललं होतं.

"यशोदाबाई, गुडघे सांभाळा!" सर कुठूनतरी ओरडत होते. "अहो, घंटा द्या! शाळा भरायची आहे अजून!"

"भरू दे की सावकाश!" यशोदाबाई गिरकी घेता घेताच ओरडल्या. "आता कुठे जातेय ती!"